ऐनवेळी ठरलेल्या ऑडिट बैठकीत या चुका टाळा

कामाला सुरुवात होते न होते तोच निरोप येतो की ऑडिटर आले आहेत, तासाभरात बैठक आहे आणि आपल्या विभागाची मागच्या तिमाहीची कागदपत्रे घेऊन यायचे आहे. अशा वेळी बहुतेकांना धास्ती वाटते ती तयारी नसल्याची. प्रत्यक्षात जास्त नुकसान होते ते तयारी नसल्याचे लपवण्याच्या धडपडीमुळे. न सापडलेल्या कागदाबद्दल बहुधा एक शेरा येतो आणि मुदतीत पूर्तता केली की तो निकाली निघतो. मात्र नसलेला कागद ‘आहे’ असे सांगून मागाहून तो दाखवता आला नाही, तर पुढच्या प्रत्येक उत्तराकडे संशयाने पाहिले जाते आणि तपासणीची व्याप्तीही वाढते. शिवाय आगाऊ सूचना न देणे म्हणजे आपल्यावर संशय आहे, असेही समजू नये. रोकड किंवा साठ्याची मोजणी अनेकदा मुद्दामच अचानक केली जाते, कारण आधी कळवल्यास त्या मोजणीला फारसा अर्थ उरत नाही.

हातातला तास फाइली लावण्यात घालवणे

निरोप मिळताच सगळी कपाटे उघडून कागद रचत बसणे ही पहिली चूक. त्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: ऑडिट कशाचे आहे, कोणत्या कालावधीचे आहे आणि कोणत्या निकषांवर आहे. हिशेबांचे लेखापरीक्षण असेल तर बिले, व्हाउचर, मंजुऱ्या आणि बँकेचे ताळमेळ लागतील. आयएसओ ९००१ सारख्या गुणवत्ता मानकाचे ऑडिट असेल तर कार्यपद्धती, प्रशिक्षणाच्या नोंदी आणि तक्रारींवर केलेली कारवाई पाहिली जाईल. हे विचारण्यात कमीपणा काहीच नाही. व्यवस्थापन पद्धतींचे ऑडिट कसे करावे याचे मार्गदर्शन करणाऱ्या आयएसओ १९०११ या मानकातही व्याप्ती आणि निकष आधी निश्चित करणे अपेक्षित आहे.

उरलेल्या वेळात एकच कागद नीट वाचायचा झाला, तर तो मागच्या ऑडिटचा अहवाल असावा. त्यातील कोणते आक्षेप बंद झाले, कोणते प्रलंबित आहेत आणि का, हे ऑडिटर बहुधा सुरुवातीलाच विचारतो. नवी त्रुटी समजून घेतली जाते. तीच त्रुटी पुन्हा आढळली, तर मात्र आधी केलेली सुधारणा कागदावरच राहिली होती असा निष्कर्ष निघतो.

मागची तारीख टाकून कागद तयार करणे

सर्वांत गंभीर चूक हीच आहे आणि ती करणारी माणसे सहसा लबाड नसतात. खर्च खरा असतो, साहेबांनी तोंडी होकारही दिलेला असतो, फक्त सही राहिलेली असते. मग ‘आत्ता करून टाकू’ असे म्हणून मागच्या महिन्याची तारीख घातली जाते. पण संगणकावरील फाइल केव्हा तयार झाली आणि केव्हा बदलली याच्या नोंदी राहतात, ईमेलवर वेळ असते आणि सही करणारी व्यक्ती त्या दिवशी रजेवर असेल तर हजेरीपटच साक्ष देतो. ज्या बिलावर ‘मंजुरी नाही’ एवढाच शेरा आला असता, त्यावर आता बनावट नोंदीचा आक्षेप येतो.

कागद नष्ट करण्याचे परिणाम तर याहूनही मोठे होऊ शकतात. २००१ मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची चौकशी सुरू होत असताना तिचे लेखापरीक्षण करणाऱ्या आर्थर अँडरसन या संस्थेत त्या कामाची कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर नष्ट करण्यात आली. २००२ मध्ये ज्युरीने संस्थेला दोषी ठरवले. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला खरा, पण तोवर संस्थेचा व्यवसाय जवळजवळ संपलेला होता. इतरांची कागदपत्रे तपासणे हाच जिचा धंदा, तिची ही गत झाली.

राहिलेली सही आज घ्यायची असेल तर ती आजच्याच तारखेने घ्यावी आणि ‘मंजुरी तोंडी मिळाली होती, लेखी नोंद आज केली’ असे स्पष्ट लिहावे. चुकलेली नोंद दुरुस्त करताना मूळ आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून शेजारी योग्य आकडा, सही आणि तारीख घालावी. खाडाखोड करू नये आणि पांढरी शाई तर मुळीच वापरू नये.

अंदाजाने उत्तरे देणे

‘प्रत्येक बिलाला दोन सह्या असतात का?’ या प्रश्नाला ‘हो, साधारणपणे असतात’ असे उत्तर दिले की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: ‘कोणत्या बिलांना नसतात?’ ऑडिटरला मत नको असते, पुरावा हवा असतो. माहीत असेल तेवढेच सांगावे आणि त्याची नोंद दाखवावी. माहीत नसेल तर ‘हे मला आत्ता सांगता येणार नाही, खरेदी विभागाकडून पाहून उद्या दुपारपर्यंत देतो’ असे म्हणावे आणि मागितलेल्या गोष्टींची यादी त्याच्यासमोरच लिहून घ्यावी. ‘बघतो’, ‘पाठवतो’ अशी मोघम आश्वासने देऊ नयेत. शांतता असह्य होऊन न विचारलेली माहिती पुरवणे हीदेखील नेहमीची चूक आहे. ऑडिटर लिहीत असतो तेव्हा तो लिहीतच असतो, आपण बोलावे म्हणून थांबलेला नसतो. मात्र विचारलेले दडवणे आणि न विचारलेले न बोलणे यांत फरक आहे, आणि पहिल्याला कोणतीही सबब चालत नाही.

‘ते काम त्यांच्याकडे असते’ असे म्हणून गैरहजर सहकाऱ्यावर जबाबदारी ढकलण्यानेही काही साधत नाही. आक्षेप विभागावर येतो, व्यक्तीवर क्वचितच.

शेरा न वाचता मान्य करणे

बैठक संपत आल्यावर सुटल्याच्या आनंदात अनेक जण समोर आलेल्या मसुद्यावर मान डोलावतात. आयएसओ १९०११ मध्ये विसंगतींचा, म्हणजे निकषांशी न जुळणाऱ्या बाबींचा, आढावा संबंधितांबरोबर घ्यावा, त्यामागचा पुरावा अचूक आहे याची पोच मिळवावी आणि विसंगती त्यांना समजली आहे ना हे पाहावे, असे सुचवलेले आहे. म्हणजे तपशील पडताळण्याची हीच वेळ असते. व्हाउचर क्रमांक, तारीख आणि रक्कम बरोबर आहे का, नमुन्यात तपासलेल्या किती बिलांपैकी किती बिलांत त्रुटी निघाली हे नमूद आहे का, ते पाहावे. ‘मंजुरी घेतली जात नाही’ आणि ‘तपासलेल्या २० पैकी २ बिलांवर मंजुरी आढळली नाही’ ही दोन वाक्ये वरिष्ठांना फार वेगळी वाटतात. तपशील चुकला असेल तर वाद न घालता कागद पुढे करावा. आणि त्याच दिवशी, मागितलेले कागद, ते देण्याच्या मुदती आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद ईमेलने ऑडिटरला आणि आपल्या वरिष्ठांना पाठवावी.