नेदरलँड्समधील गोठे पाहायला जाताना
नेदरलँड्समधील गोठे पाहण्यासाठी निघणाऱ्या पशुपालकाने सर्वांत आधी आपल्या पादत्राणांचा विचार करावा. कारण लाळ्या-खुरकुत या जनावरांच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू चिखलाबरोबरही पसरतो, आणि २००१ च्या साथीत त्या देशात अडीच लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली होती. म्हणून गोठ्यातले बूट व कपडे घरीच ठेवावेत आणि तेथे यजमान देतील तेच गमबूट घालावेत. पेढे किंवा तूप भेट म्हणून नेण्याचा मोह होतोच, परंतु युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधा-मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. दूध काढणारा यंत्रमानव पाहण्यात सारा वेळ न दवडता मुरघासाची, म्हणजे हवाबंद ठेवून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची, प्रत आणि खुरांची निगा यांविषयी विचारावे; आठ-दहा गाईंच्या आपल्या गोठ्याला तेवढेच उचलता येते.