परदेशातील घड्याळे बदलतात तेव्हा खान्देशातील घराने वेळ कशी सांभाळावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक घरांची मुले-मुली आज न्यू जर्सी, टेक्सास, लंडन, जर्मनी किंवा मेलबर्न येथे नोकरी-शिक्षणासाठी राहतात, आणि अशा घरात रोज एकदा तरी "तठे आते कितला वाजनात?" हा प्रश्न विचारला जातोच. या प्रश्नाचे उत्तर वर्षभर एकच राहिले असते तर पाठ करून काम भागले असते, परंतु या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे नेण्याची आणि हिवाळ्यात ती पुन्हा मागे आणण्याची पद्धत आहे. भारतात तशी पद्धत नाही, त्यामुळे बदल त्यांच्याकडे होतो आणि घोटाळा आपल्या घरी होतो.

आमच्या घरी तो मार्चच्या एका रविवारी झाला. अमेरिकेतील मुलीचा फोन दर रविवारी तिच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला येत असे. त्या दिवशी फोन चार्जिंगला लावून आम्ही दोघे शेजारच्या गल्लीत एका आजारी नातेवाइकाला भेटायला गेलो, कारण आमच्या हिशेबाने तासभर हातात होता. परतलो तेव्हा दारात शेजारी उभे होते. मुलीने साडेसातपासून सहा वेळा फोन करून शेवटी घाबरून त्यांना उठवले होते. चूक कोणाचीच नव्हती. तिच्याकडे त्याच पहाटे घड्याळ पुढे गेले होते, एवढेच. तेव्हापासून आम्ही जी व्यवस्था लावली आहे, ती पुढे क्रमाने देत आहे.

१. आपले माणूस ज्या गावी आहे, तिथला नियम आधी समजून घ्यावा

"अमेरिका" एवढे उत्तर पुरत नाही, शहर विचारावे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. हा नियम 2007 पासून लागू आहे. मात्र हवाई आणि ॲरिझोनाचा बहुतांश भाग घड्याळ बदलत नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या देशांत मार्चचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार हे बदलाचे दिवस आहेत. ऑस्ट्रेलियात ऋतू आपल्या उलट असल्यामुळे सिडनी-मेलबर्नचे घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे जाते, तर ब्रिस्बेन आणि पर्थ येथे ते मुळीच हलत नाही. दुबई, सिंगापूर आणि जपान येथे बदल नाही. तिथे कोणी असेल तर या लेखातील पुढचा बराचसा भाग त्यांच्यासाठी नाही.

ही पद्धत आपल्याकडे का नाही, हे मुले विचारतात. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. आपल्या खान्देशात, म्हणजे 21 अंश अक्षांशाच्या आसपास, हा फरक अडीच तासांच्या जवळपास राहतो. वाचवण्यासारखा उजेड त्यांच्याकडे जास्त आहे. तरीही दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, भारतातील घड्याळेही एक तास पुढे ठेवली गेली होती. आणि एरवीसुद्धा आपले घड्याळ सूर्याशी तंतोतंत जुळते असे नाही: भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरलेली आहे, त्यामुळे जळगावात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या सुमारास.

२. चार तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात

जानेवारीत नवे कॅलेंडर लागले की त्याच दिवशी लाल पेनाने या तारखांना गोल करावा. 2026 साठी अमेरिकेच्या तारखा 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर, तर युरोप व ब्रिटनच्या 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर आहेत. शेतीपंपाच्या विजेची दिवसपाळी-रात्रपाळी ज्या घरात कागदावर टिपून ठेवली जाते, त्या घराला ही सवय नव्याने लावावी लागणार नाही.

ज्यांचा एक मुलगा अमेरिकेत आणि एक युरोपात आहे, त्यांनी या तारखांमधील अंतर विशेष जपावे. मार्चमध्ये दोन ते तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा असा येतो की एकाचे घड्याळ बदललेले असते आणि दुसऱ्याचे नसते. या दिवसांत तिन्ही घरे एकत्र बोलण्याचा नेहमीचा वेळ मोडतो, आणि बहुतेक चुकामूक याच काळात होते.

३. कोणाचे घड्याळ प्रमाण मानायचे, हे बोलून ठरवावे

माझ्या मते संपूर्ण विषयात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि बहुतेक घरे ती गाळतात. "रविवारी साडेआठला" असे आपण म्हणतो, तेव्हा ती वेळ आपली की त्यांची, हे कोणी बोलत नाही. मुलीची वेळ प्रमाण मानली, तर तिच्या सकाळी दहाचा फोन हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला येईल. आपली वेळ प्रमाण मानली, तर आपल्याकडे वर्षभर साडेआठ राहतील, परंतु तिच्याकडे उन्हाळ्यात अकरा वाजलेले असतील. दोन्ही चालते, न ठरवणे चालत नाही. ज्याचा दिवस अधिक बांधलेला आहे, त्याचे घड्याळ प्रमाण मानावे. घरात लहान नातवंड असेल तर त्याच्या झोपेची वेळ सगळ्यांच्या वर.

परदेशी कंपनीसाठी घरून काम करणाऱ्यांना मात्र निवड नसते. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी पाळी उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन असते आणि नोव्हेंबरात ती साडेसात ते साडेचार होते. जेवणाची, झोपेची आणि इन्व्हर्टर चार्ज करण्याची वेळ त्या रविवारपासूनच सरकवावी; सोमवारी सकाळी जाग आल्यावर नव्हे.

४. तोंडी हिशेबाची युक्ती शिकून घ्यावी

अमेरिकेसाठी साडेनऊ किंवा साडेदहा तास वजा करत बसू नये. आपल्या वेळेतील रात्रीची सकाळ आणि सकाळची रात्र करावी, आणि मग थोडी भर घालावी. न्यू जर्सी-न्यूयॉर्कसाठी उन्हाळ्यात अडीच तास मिळवावेत, हिवाळ्यात दीड. आपल्याकडे रात्रीचे नऊ असतील तर सकाळचे नऊ समजून अडीच तास मिळवले की उन्हाळ्यात तिथे सकाळचे साडेअकरा. डॅलस-शिकागोसाठी हीच भर दीड तास आणि अर्धा तास होते. कॅलिफोर्नियासाठी उलट वजा करावे लागते: उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात दीड.

लंडनची युक्ती याहून सुंदर आहे, पण ती फक्त हिवाळ्यात चालते. काट्यांचे मनगटी घड्याळ काढून उलटे धरावे, म्हणजे बारा खाली आणि सहा वर येतील असे, आणि आकड्यांकडे न पाहता काट्यांच्या जागेवरून वेळ वाचावी. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले असतील तर उलट्या घड्याळात तास-काटा तीनच्या जागी आणि मिनिट-काटा सहाच्या जागी दिसतो: दुपारचे साडेतीन, म्हणजेच लंडनची वेळ. तास-काटा थोडा इकडेतिकडे वाटेल, त्याने बिघडत नाही. माझ्या नातवाला हे दाखवले तेव्हा त्याने घरातील प्रत्येक घड्याळ उलटे करून पाहिले.

५. दुसरे घड्याळ लावावे, पण चिठ्ठीसह

स्वयंपाकघरात किंवा बैठकीत मुलांच्या गावाचे एक साधे सेलवरचे घड्याळ लावल्यास वृद्धांना मोबाइल उघडावा लागत नाही. त्यावर शहराचे नाव लिहावे, आणि पाठीमागे सेलच्या खोबणीशेजारी कागदाची पट्टी चिकटवून शेवटचा बदल कधी केला ती तारीख टिपावी. नाहीतर घरातील दोन माणसे वेगवेगळ्या वेळी एकेक तास पुढे करतात आणि घड्याळ दोन तास चुकते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा मार्चमधील बदल आपल्या रविवारी दुपारी साडेबाराला घडतो, युरोपचा सकाळी साडेसहाला. त्यानंतर केव्हाही स्टुलावर चढावे. वर सांगितलेल्या गावांत बदल पूर्ण तासाचाच असतो, अर्ध्या तासाच्या फरकाला हात लावू नये.

६. मोबाइल आणि पत्रव्यवहार

मोबाइलच्या जागतिक घड्याळात शहराचे नाव निवडावे. अमुक तासांचा फरक असा आकडा निवडल्यास ते आपोआप बदलत नाही. कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद करताना तिसऱ्या पायरीत ठरलेल्या घराचाच टाइम झोन द्यावा. परदेशी मुलाखत किंवा ऑनलाइन परीक्षा असेल, तर "ईएसटी" (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची प्रमाणवेळ) एवढ्यावर विसंबू नये. काटेकोर अर्थाने ते अक्षर हिवाळ्याच्या वेळेचे आहे, पण अनेक जण उन्हाळ्यातही तेच लिहितात आणि विद्यार्थ्याचा एक तास चुकतो. "न्यूयॉर्कमधील त्या दिवशीची वेळ, म्हणजे भारतीय वेळेनुसार इतके वाजता, बरोबर ना?" असे लिहून उत्तर मागवावे. तसे विचारण्यात कमीपणा नाही.

७. सण

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि श्रावणातील कानबाई हे आपले दोन्ही मोठे सण अमेरिका व युरोपच्या उन्हाळी वेळेत येतात, त्यामुळे कानबाईच्या आरतीला लेकीला व्हिडिओवर घ्यायचे तर उन्हाळ्याचा हिशेब धरावा. दिवाळी मात्र नेमकी बदलाच्या आसपास येते. लक्ष्मीपूजन जुन्या वेळेत आणि भाऊबीज नव्या वेळेत, असेही होऊ शकते. ओवाळणीचा फोन ठरवताना कॅलेंडरवरचा लाल गोल पाहावा.

मुहूर्ताबाबत एक चूक फार होते. जळगावच्या पंचांगातील मुहूर्त घड्याळी हिशेबाने तिकडच्या वेळेत बदलून मुलांना कळवला जातो. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर करतात, आणि सूर्यास्त तिथला धरायचा असतो. आपला मुहूर्त बदलून दिला तर अमेरिकेत सकाळ निघेल. त्यांनी त्यांच्या शहराचे पंचांग पाहावे, आणि त्यातील वेळांत उन्हाळ्याचा तास मिळवलेला आहे की नाही, हेही तपासावे.

८. स्वतः तिकडे गेल्यावर

नातवंडासाठी पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना एखादा बदल तिथेच भोगावा लागू शकतो. मोबाइल आपोआप बदलतो. ओव्हन, मोटार आणि भिंतीवरची घड्याळे बहुधा हाताने बदलावी लागतात, म्हणून त्या रविवारी सकाळी ओव्हनवरची वेळ पाहून औषध घेऊ नये. ठरावीक अंतराने इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून प्रवासाचे आणि घड्याळ-बदलाचे, दोन्ही वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद औषधांच्या डब्यातच ठेवावा.