जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा पेट्रोल पंप उघडण्याआधी

१४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाला बाजूने बसवलेला, कॅमशाफ्टवर (इंजिनातल्या उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलणारा साधा डायफ्रामचा, म्हणजे रबरी पडद्याचा, पंप धरून हे लिहिलंय.

बॅटरीची अर्थची वायर काढा, गाडी मोकळ्या हवेत लावा, विडी-काडी लांब. पाने इंची घ्या. अर्धा इंचीच्या जागी तेरा नंबरचा (मिलिमीटरचा) पाना चालवला की नट गोल होतो. नवीन डायफ्राम आणि गॅस्केट (पंप आणि इंजिन यांच्या मधलं पातळ पॅकिंग) आधी आणून ठेवा. डायफ्राम इथेनॉलला टिकणाराच मागा, जुन्या साठ्यातलं रबर आजच्या पेट्रोलमध्ये फुगतं.

पंपाला हात लावण्याआधी डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी चढलेली दिसली, तर डायफ्राम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलमध्ये, उतरलंय. मग ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, बेअरिंग जातील. टाकीकडचा होज (रबरी नळी) काढला की त्यात लगेच बोल्ट खुपसा, टाकी भरलेली असली तर पेट्रोल आपसूक वाहत राहतं.

आता खूण. पंप बाहेरून धुवा, पुसा, आणि वरच्या-खालच्या दोन्ही भागांवरून जाणारी एक उभी रेघ कानशीने ओढा. मार्करने नाही, मार्कर पेट्रोलने पुसला जातो. स्क्रू गोलात सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे वरचा भाग कसाही फिरवला तरी बसतो. चूक कळते ती पंप इंजिनावर चढवल्यावर, पाइपांची तोंडं भलतीकडे वळलेली पाहून. फोटो काढला म्हणून भागत नाही. रेघ ओढलीत? मगच स्क्रू ड्रायव्हर उचला.

आत जाळी पाहा. तळाला तांबूस गाळ असेल तर टाकी गंजलीय, नुसता पंप धुऊन उपयोग नाही. व्हॉल्व्हवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पातळ चकती वाकते. ठोकून बसवलेले व्हॉल्व्ह उपसूही नका. दोन्ही दिसायला सारखे, पण एकमेकांच्या उलटे बसवलेले असतात. काढावेच लागले तर तिथेही आधी खूण. डायफ्रामचा दांडा आत दाबून पाव फेरा फिरवला की सुटतो, बसवतानाही तसाच.

जोडताना रेघेला रेघ मिळवा. स्क्रू आधी हलके लावा, लिव्हर (कॅमशाफ्टच्या कॅमवर टेकणारा पंपाचा हात) पूर्ण दाबून धरा आणि तशीच धरून समोरासमोरचे स्क्रू आवळा. लिव्हर सोडून आवळलेत तर डायफ्राम ताणलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत कडेला फाटतो. सिलिकॉन कुठेच लावायचं नाही. पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटून कार्ब्युरेटरमध्ये जातात.

इंजिनाकडचं गॅस्केट जुन्याच्याच जाडीचं हवं. जाड झालं तर पंपाचा स्ट्रोक कमी पडतो. चढवण्याआधी पेट्रोल येण्याच्या तोंडावर बोट ठेवून लिव्हर दाबा, ओढ काही सेकंद टिकली पाहिजे. लिव्हर कॅमवर नीट टेकलीय ना बघा; जोर लागत असेल तर इंजिन थोडं फिरवा, नट ओढून बसवू नका. मग होज, क्लिप, अर्थची वायर परत लावा. इंजिन सुरू करून गळती बघा, दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा तपासा.