देवावर राग आला तर

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला, आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. माझी माय त्यात गेली. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

'कुणाचं पाप भोवलं' हा हिशेब आधी बंद करा. जमिनीखालचा खडक सरकला. माय पापी नव्हती.

देवाशी अबोला धरू नका, भांडा. आमच्या मराठवाड्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईनं विठोबाला शिव्या घातल्या, तरी ती संतच. शेतात जाऊन मोठ्यानं बोला, रडा. पूजा होत नसेल तर नुसता दिवा लावा. हरिपाठाला जाऊन बसा. तोंडातून शब्द निघाला नाही तर बाकीचे अभंग म्हणतात, आपण टाळ धरायचा.

दुसऱ्याच्या दारी गेलात तर 'देवाची इच्छा' म्हणू नका. पिठलं-भाकरी न्या, जवळ बसा.