ताकदवान नव्या लॅपटॉपच्या पंख्याचा सततचा आवाज कसा कमी करावा

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीतल्या कंपनीचे काम घरून करणारे अभियंते, वास्तुकलेचे विद्यार्थी, चित्रफितींचे संकलन करणारे व्यावसायिक अशा अनेकांना आज ताकदवान लॅपटॉप घ्यावा लागतो, आणि घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात येते की साधे ई-मेल वाचतानाही त्याचा पंखा थांबत नाही. दोन खोल्यांच्या घरात तो आवाज रात्री इतरांची झोपमोड करतो, आणि सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत तर शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी मान वर करून पाहू लागतो. हा आवाज बहुतेक वेळा बराच कमी करता येतो. त्यासाठी फारसा खर्च येत नाही आणि लॅपटॉप उघडावाही लागत नाही. मात्र त्यासाठी पंख्याकडे पाहण्याआधी तो ज्या उष्णतेमुळे फिरतो तिचा उगम शोधावा लागतो.

प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकीच उष्णता तो बाहेर टाकतो. इंटेलच्या कोअर आय-७ १३७००एच या प्रोसेसरची मूळ मर्यादा ४५ वॅट आहे, पण टर्बो अवस्थेत, म्हणजे थोड्या वेळासाठी मूळ वेगाच्या वर गेल्यावर, तो ११५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एखादे पान उघडणे, एखादी फाइल जतन करणे अशा क्षणभराच्या कामासाठीही तो टर्बोत शिरतो, काही सेकंदांत तापमान वर उसळते आणि पंखा त्याच्यामागे धावतो. हलक्या कामातही आवाज येण्याचे मुख्य कारण हेच आहे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की टर्बोचा शेवटचा टप्पा गाठण्यासाठी प्रोसेसरला व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वरच्या टप्प्यातला वेग १० टक्क्यांनी कमी केला, तर वीज आणि उष्णता साधारण पाव हिश्शाने कमी होते. पंख्याचा आवाज तर त्याहूनही वेगाने उतरतो. पंख्याची गती २० टक्क्यांनी कमी झाली, तर हवेचा प्रवाह २० टक्क्यांनीच घटतो, पण आवाज सुमारे ५ डेसिबलने खाली येतो; आणि १० डेसिबलची घट कानाला जवळजवळ निम्म्या आवाजासारखी वाटते. म्हणजे रोजच्या कामात जाणवणारही नाही इतका वेग सोडला, तरी बरीच शांतता मिळते. पुढचे सगळे उपाय याच हिशेबावर उभे आहेत.

आधी आवाज ऐकून ओळखावा

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी लॅपटॉप टेबलावर ठेवून, खोलीतला पंखा बंद करून, आवाज नीट ऐकावा. एकसारखा वाऱ्यासारखा आवाज हा फिरत्या हवेचा असतो आणि तो दोष नव्हे. बारीक शिट्टीसारखा सूर येत असेल, तर तोही बहुधा पात्यांचाच असतो. या पंख्यांना अनेकदा साठाहून अधिक पाती असतात. मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या गतीने ६० पाती फिरली, तर सेकंदाला ४५०० वेळा हवेला धक्का बसतो, आणि माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून मोबाइलवरच्या मापकात आकडा लहान दिसला तरी तो सूर डोक्यात घुमत राहतो.

टिकटिक, खरखर, घासल्यासारखा किंवा लॅपटॉप तिरका केल्यावर बदलणारा आवाज मात्र वेगळा. तो बेअरिंगचा किंवा पात्यांना लागणाऱ्या एखाद्या वायरीचा असू शकतो आणि त्यावर कोणतीही सेटिंग चालत नाही. अशा वेळी आवाज ऐकू येईल अशी चित्रफीत लगेच मोबाइलवर घ्यावी, बिल हाताशी ठेवावे आणि विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी, कारण बदलून देण्याची मुदत बहुधा थोड्या दिवसांचीच असते आणि ती संपल्यावर विषय दुरुस्तीकडे जातो. विक्रेता किंवा सेवा केंद्र दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पहिले काही दिवस

नवा लॅपटॉप सुरू केल्यावर विंडोज मागे बरीच कामे करत असते. अपडेट उतरवणे, फाइलींची शोधसूची तयार करणे, विषाणू-तपासणी, क्लाउडमधल्या फाइली खाली आणणे ही सगळी कामे एकाच वेळी चालतात. म्हणून लॅपटॉप चार्जरला आणि इंटरनेटला जोडून, सुरू ठेवून, ही कामे उरकू द्यावीत आणि मगच त्याच्या आवाजाबद्दल मत बनवावे. याच काळात उत्पादकाच्या संकेतस्थळावरून किंवा त्याच्या अॅपमधून बायोसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, अद्ययावत आवृत्तीही घ्यावी. पंखा कोणत्या तापमानाला किती फिरावा याचे कोष्टक बहुधा लॅपटॉपच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्येच असते आणि उत्पादक ते काही वेळा अपडेटमधून सुधारतात.

त्यानंतरही आवाज कायम असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावावी. काहीही करत नसताना एकूण वापर काही टक्क्यांवर स्थिरावायला हवा. एखादा प्रोग्रॅम सतत वर दिसत असेल, तर उष्णतेचा उगम सापडला असे समजावे. अनेकदा तो ब्राउझरमधला जाहिरातींनी भरलेला टॅब असतो, व्हिडिओ बैठकीत पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय असते, किंवा लॅपटॉपसोबत आधीच भरून आलेला दुसरा अँटिव्हायरस असतो. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवण्याची गरज नसते. त्यातला एक काढून टाकावा. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र सुरक्षेची साधने स्वतः काढू नयेत. टास्क मॅनेजरचे छायाचित्र जोडून कंपनीच्या आयटी विभागाला कळवावे. मॅकबुक प्रोवर हेच काम अॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो.

वेगाला लगाम

सर्वांत जास्त फरक येथे पडतो, म्हणून येथे घाई करू नये. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर अँड बॅटरी या मार्गाने पॉवर मोडपर्यंत जावे. तेथे बेस्ट परफॉर्मन्स निवडलेले असेल, तर ते बॅलन्स्ड करावे, आणि लेखन, वाचन, बैठका अशा कामांसाठी बेस्ट पॉवर एफिशियन्सी वापरून पाहावे. मात्र पंख्याचे कोष्टक बदलायचे असेल, तर उत्पादकाचे स्वतःचे अॅप लागते. लेनोव्होच्या लीजन मालिकेत एफएन आणि क्यू या कळा एकत्र दाबून शांत, संतुलित आणि वेगवान या अवस्था बदलता येतात; असुसच्या आर्मरी क्रेटमध्ये सायलेंट अवस्था आहे; डेलच्या अॅपमध्ये क्वायट हा पर्याय मिळतो. खेळांसाठी बनवलेले लॅपटॉप दुकानातून येतानाच वेगवान अवस्थेत असू शकतात, त्यामुळे ही एक तपासणी केल्यावरच अनेकांचे काम भागते.

तेवढ्याने भागले नाही, तर टर्बोच बंद करण्याचा मार्ग आहे. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू योजनेच्या प्रगत सेटिंग्ज उघडाव्यात, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट शोधावे आणि १०० टक्क्यांच्या जागी ९९ लिहावे. दिसायला हा एका टक्क्याचा बदल आहे, पण त्यामुळे बहुतेक प्रोसेसर टर्बोत जाणेच थांबवतात आणि मूळ वेगाच्या आसपास राहतात. पंखा बऱ्याचदा काही मिनिटांत शांत होतो. याची किंमतही स्पष्ट सांगायला हवी: मोठा प्रकल्प कंपाइल करणे, रेंडरिंग, चित्रफितीची निर्यात अशी कामे यामुळे चांगलीच लांबतात. म्हणून माझ्या मते दोन वेगवेगळ्या पॉवर योजना तयार कराव्यात, एक ९९ टक्क्यांची रोजच्या वापरासाठी आणि दुसरी पूर्ण वेगाची जड कामांसाठी, आणि कामानुसार त्या बदलाव्यात. काही नव्या लॅपटॉपांवर हा पर्याय लपवलेला असतो. तेथे उत्पादकाच्या अॅपमधली शांत अवस्थाच वापरावी.

अनुभवी वापरकर्त्यांना यापेक्षा नेमका मार्गही उपलब्ध आहे. काही लॅपटॉपांवर उत्पादकाच्या अॅपमधून किंवा थ्रॉटलस्टॉपसारख्या साधनातून प्रोसेसरची दीर्घकालीन आणि अल्पकालीन वॅट-मर्यादा वेगवेगळी ठरवता येते. दीर्घकालीन मर्यादा ३० ते ३५ वॅटवर आणि अल्पकालीन ५० ते ६० वॅटवर ठेवली, तर टर्बो पूर्ण न गमावताही उसळी आटोक्यात राहते. व्होल्टेज कमी करण्याची सोय मात्र २०१९ च्या अखेरीस उघड झालेल्या एका सुरक्षा-त्रुटीनंतर अनेक इंटेल लॅपटॉपांवर बंद केलेली आहे. ती मिळवण्यासाठी बायोसशी खटपट करू नये.

आवाज सतत चढत-उतरत असेल, तर तो एकसारख्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो, कारण कान स्थिर आवाजाला सरावतो आणि बदलाला सरावत नाही. आपल्या अॅपमध्ये पंख्याचा आलेख हाताने आखता येत असेल, तर मधल्या तापमानाच्या पट्ट्यात तो सपाट ठेवावा, म्हणजे पंखा कमी गतीवर पण अखंड फिरत राहतो.

दुसरा उष्णतास्रोत: ग्राफिक्स कार्ड

ताकदवान लॅपटॉपमध्ये बहुधा प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड अशी दोन्ही असतात. हलक्या कामात वेगळे कार्ड झोपलेले असायला हवे. एखादा किरकोळ प्रोग्रॅम त्याला जागे ठेवत असेल, तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स या मार्गाने त्या प्रोग्रॅमसाठी पॉवर सेव्हिंग निवडावे. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावरच आवाज वाढतो अशी तक्रार फार ऐकू येते, आणि तिचे कारण असे की अनेक लॅपटॉपांत एचडीएमआयचे पोर्ट थेट वेगळ्या कार्डाला जोडलेले असते, त्यामुळे मॉनिटर सुरू असेपर्यंत ते कार्ड झोपूच शकत नाही. काही मॉडेलांत यूएसबी-सी पोर्टमधून दिलेला मॉनिटर अंगभूत ग्राफिक्सवर चालतो, तेव्हा ती जोडणी करून पाहावी. खेळांसाठी एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कमाल फ्रेम रेट ६० वर बांधावा. मर्यादा नसेल तर एखाद्या खेळाचा नुसता मेनूसुद्धा सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतो.

पुण्याची हवा आणि बैठकीची जागा

खोलीचे तापमान १० अंशांनी वाढले, की तेच काम आणि पंख्याची तीच गती असताना प्रोसेसरचे तापमानही साधारण तेवढेच वाढते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३८ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, आणि वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत, उकाडा त्याहून अधिक जाणवतो. म्हणून डिसेंबरात शांत असलेला लॅपटॉप मे महिन्यात वाजू लागला, तर तो बिघडला असे समजू नये. रेंडरिंगसारखी जड कामे उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा लावावीत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवा मुंबईपेक्षा साधारण ५ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे तेवढीच उष्णता वाहून नेण्यासाठी पंख्याला किंचित जास्त फिरावे लागते. हा फरक लहान आहे, पण तो आहे.

बहुतेक लॅपटॉप खालून हवा घेतात आणि मागून किंवा बाजूने सोडतात. गादीवर, रजईवर किंवा मांडीवर ठेवल्यास खालच्या जाळ्या झाकल्या जातात. कडक पृष्ठभाग वापरावा, मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलावी आणि मागे भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. जमिनीवर बसून काम करणाऱ्यांना लहान चौरंग उत्तम चालतो. लॅपटॉपचे स्टँड घ्यायचे असेल, तर तपकीर गल्लीत किंवा कोणत्याही संगणकाच्या दुकानात मिळते. मात्र पंखे लावलेला कूलिंग पॅड घेण्यापूर्वी त्याचाही आवाज दुकानातच ऐकावा. छताचा पंखा हवा थंड करत नाही, पण लॅपटॉपमधून निघालेली गरम हवा तेथेच साचू देत नाही, म्हणून तो सुरू ठेवावा.

वाकड, बाणेर यांसारख्या सतत बांधकाम सुरू असलेल्या भागांत धूळ लवकर साचते. दर दोन-तीन महिन्यांनी लॅपटॉप बंद करून जाळ्या मऊ ब्रशने पुसाव्यात. दाबलेल्या हवेचा डबा वापरल्यास फवारा थोडा थोडा मारावा, आणि जाळीतून दिसत असेल तर पंख्याचे पाते लाकडी काडीने अडवून धरावे, कारण हवेच्या जोराने तो मर्यादेपेक्षा वेगाने फिरल्यास बेअरिंग खराब होऊ शकते. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्यातून स्थिर विजेचा धोका असतो. वॉरंटीत असलेल्या लॅपटॉपचे खालचे झाकण स्वतः उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात, आणि नव्या लॅपटॉपची थर्मल पेस्ट (प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप) बदलण्याच्या भरीस तर पडूच नये.

पंखा सॉफ्टवेअरने पूर्ण बंद करण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती करू नये. प्रोसेसर साधारण १०० अंशांजवळ पोहोचल्यावर स्वतःचा वेग कापून घेतो, म्हणून तो सहसा जळत नाही; पण त्याच्या शेजारची बॅटरी, एसएसडी आणि इतर भाग त्या उष्णतेत तापत राहतात आणि विशेषतः बॅटरीचे आयुष्य घटते. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल, तर उत्पादकाच्या अॅपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे. वरील सर्व उपाय करूनही, काहीच काम चालू नसताना, थंड खोलीत, पंखा पूर्ण गतीने फिरत असेल, तर टास्क मॅनेजरचे छायाचित्र, आवाजाची चित्रफीत आणि बायोसच्या आवृत्तीचा क्रमांक घेऊन सेवा केंद्रात जावे आणि उष्णता-नळी व तापमान-संवेदक तपासण्याची मागणी तक्रार-अर्जात लेखी नोंदवून घ्यावी.