नववीच्या वर्गात भूमितीची सिद्धता लिहायला कशी शिकवावी

नववीत ‘त्रिकोण’ हे प्रकरण सुरू झालं की मुलं सिद्धता पाठ करू लागतात. फळ्यावर पक्ष (दिलेली माहिती), साध्य (सिद्ध करायचं ते), रचना, सिद्धता अशी उतरती ओळ लिहिली जाते, मुलं ती वहीत घेतात आणि परीक्षेत जशीच्या तशी उतरवतात. आकृतीतली अक्षरं बदलली की तीच मुलं अडतात. कारण फळ्यावर त्यांनी तयार सिद्धता पाहिलेली असते, ती सुचते कशी हे पाहिलेलं नसतं. म्हणून निदान एका प्रमेयाला सबंध चार तासिका द्या. त्यासाठी समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय सर्वांत चांगलं: त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील, तर त्यांच्यासमोरचे कोन एकरूप असतात.

पहिली तासिका आकृतीची. फळ्यावर त्रिकोण अबक हातानेच काढा, आणि मुद्दाम वाकडा काढा: पाया तिरपा, अब ही बाजू अक पेक्षा दिसायला थोडी मोठी. मग दोन्ही बाजूंवर एकेक आडवी खूण करा. मुलं लगेच म्हणतील, ‘सर, सारख्या दिसत नाहीत.’ हेच हवं आहे. आकृती मापायची नसते, तिच्यावरच्या खुणा वाचायच्या असतात. नेहमी टापटीप, सरळ पायाचा समद्विभुज त्रिकोण काढला, तर मूल डोळ्यांनी ‘सिद्ध’ करून मोकळं होतं आणि सिद्धतेची गरजच त्याला वाटत नाही.

दुसऱ्या तासिकेत सिद्धता शेवटाकडून सुरू करा. फळ्याच्या अगदी तळाशी साध्य लिहा: कोन अबक ≅ कोन अकब. वरचा सगळा फळा रिकामा. आता विचारा, दोन कोन एकरूप आहेत हे दाखवायचे कोणते मार्ग आपल्याला माहीत आहेत? मुलांकडून येऊ द्या: विरुद्ध कोन, समांतर रेषांचे संगत किंवा व्युत्क्रम कोन, एकरूप त्रिकोणांचे संगत कोन. इथे छेदणाऱ्या रेषा नाहीत, समांतर रेषा नाहीत. उरले एकरूप त्रिकोण. पण आकृतीत त्रिकोण तर एकच आहे! मग दुसरा आणायचा कुठून? या प्रश्नावर वर्गाला दोन मिनिटं गप्प बसू द्या. अ मधून एक रेघ ओढून त्रिकोण दुभागायचा हे कुणाला ना कुणाला सुचतंच. रचना आकाशातून पडत नाही, ती अशी गरजेतून येते. मुलांना हे कळणं हा या चार तासिकांचा गाभा आहे.

रचनेत मात्र मुलं हमखास घसरतात. ‘कोन अ चा दुभाजक अड काढला, म्हणून बड ≅ कड आणि कोन ड ९०°’ असं बिनदिक्कत लिहितात (ड हा पाया बक वरचा बिंदू). एका रेघेला रचना करताना एकच गुण देता येतो, हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दुभाजक काढला असेल तर फक्त अ पाशी झालेले दोन कोन एकरूप मिळतात, आणि बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लागते. मध्यगा काढली तर फक्त बड ≅ कड मिळतं, आणि बाबाबा लागते. लंब काढला तर कर्णभुजा कसोटी लागते. वर्गाचे तीन गट करून तीन सिद्धता करून घ्या, तिन्ही बरोबर येतात.

तिसऱ्या तासिकेसाठी कार्डशीटच्या पट्ट्या कापा. चार मुलांच्या गटाला पाच विधानं आणि पाच कारणं, वेगवेगळ्या पट्ट्यांवर: अब ≅ अक (पक्ष), कोन बअड ≅ कोन कअड (रचना), अड ≅ अड (सामाईक बाजू), दोन त्रिकोण एकरूप (बाकोबा), कोन अबड ≅ कोन अकड (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन). त्यात दोन खोट्या पट्ट्या मिसळा: ‘बड ≅ कड, रचना’ आणि ‘अड लंब बक, रचना’. बारा पट्ट्यांतून क्रम लावायला साधारण दहा मिनिटं लागतात. खोटी पट्टी वापरणाऱ्या गटाला चूक सांगू नका, ‘हे रचनेत कुठे म्हटलंय?’ एवढंच विचारा. त्रिकोणांची नावं संगतीच्या क्रमानेच घ्यायला लावा: अबड ↔ अकड. हा क्रम चुकला की संगत कोन चुकीचे येतात, आणि चूक कुठे झाली ते मुलाला सापडत नाही.

चौथ्या दिवशी व्यत्यास घ्या: दोन कोन एकरूप, तर समोरच्या बाजू एकरूप. इथे खरी गंमत आहे. दुभाजक काढा, कोकोबा लागते. लंब काढा, कोकोबाच लागते. मध्यगा काढली की मात्र गाडी अडते: बड ≅ कड, अड सामाईक, कोन ब ≅ कोन क, पण कोन त्या दोन बाजूंनी समाविष्ट नाही. बरीच मुलं इथे ‘बाबाको कसोटी’ लिहून पुढे जातात. त्यांना रागावण्यापेक्षा कंपास हातात द्या. कोन ब ३०° चा काढा, एका भुजेवर बअ ६ सेमी घ्या, अ केंद्र धरून ४ सेमी त्रिज्येचा कंस काढा. तो दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो, ब पासून सुमारे २.५ सेमी आणि ७.८ सेमी अंतरावर. दोन बाजू त्याच, कोन तोच, त्रिकोण मात्र दोन. अशी कसोटी का नाही, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

तपासताना कारणाशिवाय लिहिलेल्या ओळीला पूर्ण गुण देऊ नका, समासात फक्त ‘का?’ लिहून वही परत द्या. दहावीच्या भूमितीच्या पेपरात चौकटी भरायच्या कृती येतात, म्हणून नववीतही शाळा त्यांचाच सराव घेतात. चौकटी भरता येणं आणि कोऱ्या कागदावर सिद्धता उभी करणं यांत फार अंतर आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तासिकेची पहिली सात मिनिटं कोरा कागद द्या. त्रिकोण उलटा, नावं त, थ, द. पाठ करणारं मूल तिथेही ‘त्रिकोण अबक मध्ये’ असं लिहितं, लगेच कळून येतं. त्याला परत साध्याच्या ओळीपाशी बसवा.

झटपट करून मोकळ्या होणाऱ्या मुलांना पॅपसची वाट शोधायला द्या. अलेक्झांड्रियाच्या या गणितज्ञाच्या नावावर असलेल्या सिद्धतेत रचनाच नाही: त्रिकोण अबक हा स्वतःच्याच उलट्या रूपाशी, अकब शी, बाकोबाने एकरूप. उत्तर सांगू नका. कागदी त्रिकोण कापून तो पालथा करायला सांगा, तेवढी सूचना पुरते.