लॅपटॉपचा प्रोसेसर बदलायचाय? बायोस बघितलात का?

बॅकअप घ्या, हे सांगायला नको. आधी प्रोसेसर निघतो का ते बघा. सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘पॅकेज’ची ओळ वाचा. तिथे बीजीए दिसलं तर तो बोर्डाला सोल्डर केलेला आहे, विषय संपला. आरपीजीए, म्हणजे सॉकेटमध्ये बसवलेला आणि काढता येणारा, असेल तरच पुढे वाचा. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर सोल्डर केलेलेच येतात, म्हणजे हा खटाटोप चौथ्या पिढीपर्यंतचाच.

निघत असेल तर बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. तुमच्या मॉडेलच्या पानावर शेवटचा बायोस कोणता ते बघा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या यादीत नवा प्रोसेसर आहे का ते शोधा. बायोसला तो ओळखता आला नाही तर पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. मग सगळं खोलून जुना परत बसवायचा, कारण बायोस अपडेट जुना प्रोसेसर आत असतानाच करावा लागतो. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं. पुन्हा सांगतो: आधी बायोस, मग स्क्रूड्रायव्हर.

हे अपडेट पावसाळ्यात करू नका. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक बसलेलीच असते आणि आपल्याकडे जून-जुलैत लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बायोस अर्ध्यावर तुटला तर बोर्डच जातो. चवथ (गणेश चतुर्थी) होऊन जाऊ दे, नाहीतर यूपीएस लावा.

चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप, तीही बघा. इंटेलचा एचएम७० चिपसेट असेल तर कोअर आय मालिकेतला प्रोसेसर टाकून उपयोग नाही, मशीन अर्ध्या तासात आपोआप बंद पडतं. वॉट बघा. ३५ च्या जागी ४५ वॉटचा बसवलात तर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि ६५ वॉटचा चार्जर दोन्ही कमी पडू शकतात. आय७-३६३२क्यूएम चार कोअरचा असून ३५ वॉटमध्येच चालतो. तिसऱ्या पिढीच्या मशीनला तो बरा.

मुळात गरज आहे का? काम टायपिंगचं, हिशेबाचं असेल तर एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा आणि थांबा. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, त्यामुळे प्रोसेसर बदलून ते अधिकृतपणे मिळणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम असेल तरच हा खर्च करा.

गोव्यातल्या कळंगुट, हरमल अशा किनाऱ्याकडचं मशीन असेल तर खोलताना जपून. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, तांब्यावर हिरवट थर चढतो. स्क्रूड्रायव्हर नेमक्या मापाचा घ्या, खाचा झिजल्या की स्क्रू हलत नाही.

बाकी नेहमीचंच. बॅटरी काढा, हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याजवळ छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने सोडवा, सॉकेटचा स्क्रू अर्धा फिरवा, प्रोसेसर आणि सॉकेटवरची त्रिकोणाची खूण जुळवा, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) लावा. तापमान बघा. जुना प्रोसेसर लगेच विकू नका, बायोसला पुन्हा हात लावायची वेळ आली तर तोच लागेल.